आपले आपले ट्रेकला जायचंय? मग आधी एवढं जमायला हवं

डिसेंबर जवळ आला की कॉलेजातल्या पोरापोरींचे मेसेज यायला लागतात, दादा यंदा कुठल्या ग्रुपबरोबर न जाता आम्ही सहाजण आपले आपलेच रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचं म्हणतोय, काय काय घ्यावं लागेल? असा मेसेज आला की मला मनापासून आनंद होतो. वीकेंडला सह्याद्रीत गर्दी काही कमी नसते, पण त्यातले बरेच जण पैसे भरून येतात, बसमधून उतरतात, पुढच्याच्या सॅककडे बघत चालतात, लीडर थांब म्हणाला की थांबतात, जेवण तयार, टेंट लावलेला. यात वाईट काही नाही, सुरुवात बहुतेकांची तशीच होते, पण असे कितीही गड केले तरी वाट शोधायला येत नाही कारण ती शोधायची वेळच आलेली नसते. म्हणून सामानाची यादी नंतर, आधी मी विचारतो की तुमच्यात कोणाला काय येतं ते सांगा.

हा रूट मात्र शिकायला एक नंबर आहे. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून निघायचं, रतनगड, मग कात्राबाईची खिंड, पलीकडे कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, तिथून हरिश्चंद्रगड आणि उतरायचं टोलार खिंडीतून खिरेश्वरला. मधे मधे गावं लागतात त्यामुळे काही बिघडलं तर माणूस भेटतो, पण दोन गावांच्या मधे दाट जंगल आहे आणि मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

वाट शोधणं हे सगळ्यात मोठं काम. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, १:५०,००० स्केलचे, म्हणजे नकाशावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन कंटूर रेषांमधे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधे, २० मीटर उंचीचा फरक. प्रिंट काढा आणि घरी बसून सगळ्यांनी मिळून वाचा, रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथे कडा, लांब लांब आहेत तिथे पठार, दोन डोंगरांच्या मधला बसका भाग ती खिंड. फोनवर जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे आधी कोणी चालून रेकॉर्ड केलेल्या वाटेची फाइल, घ्याच, पण बॅटरी संपते, दाट झाडीत किंवा कड्याखाली फोन कधी कधी भलतीकडेच दाखवतो, आणि तो ट्रॅक कोणी कुठल्या महिन्यात केलाय कोण जाणे, पावसाळ्यानंतर कारवी आणि गवत माजलं की तीच वाट सापडत नाही.

रतनवाडीहून चढताना जंगलात फाटा लागतो, एक वाट गडाच्या शिडीकडे आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे. अशा प्रत्येक फाट्यावर सहाही जण एकत्र येईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, हा नियम घरूनच ठरवून निघा. पुढे ढोरवाटा भरपूर आहेत, गुरं जातात म्हणून मस्त मळलेल्या दिसतात आणि मग झाडीत विरून जातात. दहा मिनिटं चाललात आणि रचलेले दगड नाहीत, बाण नाही, माणसाच्या पावलाची काही खूणच नाही, तर तिथेच थांबायचं आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत यायचं, सगळ्यांनी.

आणि हे तर मी प्रत्येकाला बजावून सांगतो, वाट चुकलात तर ओढ्याओढ्याने खाली उतरू नका. पाणी खाली गावाकडेच जातं असं वाटतं, पण आपला सह्याद्री बसाल्टचा आहे, थरावर थर, पायऱ्या पायऱ्यांचा. कोकणाच्या बाजूला तर ओढा बघता बघता कड्यावरून धबधब्यासारखा सुटतो, आणि तोपर्यंत तुम्ही असे दोनतीन कातळटप्पे उतरून आलेले असता जे परत चढता येत नाहीत. माणसं अडकतात ती अशी.

वेळेचा हिशोबही आधी कागदावर करायचा. जुना सोपा नियम आहे, सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. समजा दिवसाला १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर साधारण चार तास होतात. पण पाठीवर सॅक आहे, ऊन आहे, नवखी मंडळी आहेत, फोटो आहेत, त्यामुळे मी त्याची दीडपट करायला सांगतो, सहा तास. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जंगलात त्याआधीच अंधारतं. मग सकाळी साडेसहाला निघायचं की नाश्ता करून दहाला हे वेगळं सांगायला लागत नाही.

चाल ठरते सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायावर, त्याला मागे टाकून पुढे जाऊन बसणारी पोरं मला अजिबात आवडत नाहीत. रोज एकाने लीड करायचं, एकाने शेवटी चालायचं आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं, म्हणजे निर्णय घ्यायची सवय सहाजणांना लागते. आणि कोणीही एकाने म्हटलं की मला हे सेफ वाटत नाही, मी इथून परत जायचं म्हणतोय, तर वाद घालायचा नाही, टोमणे मारायचे नाहीत. मित्रांमधे हे बोलायला लय जड जातं, विशेषतः मुलांना. म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी एकमेकांसमोर ते मान्य करून टाकायचं. मुलींनीही पाळीबद्दल, बाथरूमबद्दल आधी मोकळं बोलून घ्यावं आणि मुलांनी ते नीट ऐकावं. पाण्याच्या टाक्यापासून निदान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा, वरून माती, आणि पॅड पिशवीत घालून परत आणायचे.

स्वयंपाक घरी करून बघा, गच्चीवर, त्याच स्टोव्हवर, वारा असताना. माणशी दीडशे ग्रॅम डाळतांदूळ धरले की खिचडी पोटभर होते. टेंटच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, कितीही थंडी असो, आग लागायची भीती आहेच पण स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. शेकोटीचा हट्टही सोडा, हा सगळा अभयारण्याचा भाग आहे आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली तरी वणवा लागतो. पाणी उकळून प्या, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

फर्स्ट एड कोर्स निदान दोघांनी तरी केलेला हवा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून न्यायचं, आणि अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, जवळ कुठल्या रुग्णालयात मिळतं हे निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेवायचं. आग्या मोहळ दिसलं तर आवाज नाही, धूर नाही, परफ्युम तर मारूच नका.

गावातल्या माणसांशी बोलणं हे पण मी स्किलच धरतो. "मामा, पाचनई किती लांब?" विचारलं तर "ही काय, जवळच हाय" असं उत्तर येतं, कारण त्यांच्या पायाला ते जवळच असतं. त्यापेक्षा विचारा की पुढचा फाटा कुठे लागेल, डावीकडे वळायचं की उजवीकडे, पाणी आता कुठपर्यंत आहे, मग एकदम नेमकं सांगतात. कुठे घरी भाकरी-पिठलं खाल्लंत तर पैसे विचारून नीट द्या, घासाघीस नको. आणि वाटच अवघड वाटली तर सरळ गावातला वाटाड्या घ्या, त्यात कमीपणा काही नाही, त्याच्याबरोबर दिवसभर चाललात तर नकाशात नसलेलं बरंच काही कळतं.

निघताना घरी एक कागद ठेवा. त्यावर रोजचा मुक्काम, सहाजणांची नावं, नंबर आणि रक्तगट, आणि शेवटच्या दिवशी खिरेश्वरला कधी पोचणार ती वेळ. त्या वेळेनंतर किती तास वाट बघायची आणि मग ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन कोणी करायचा हेही आईबाबांबरोबर बसून ठरवा आणि त्याच कागदावर लिहून ठेवा.