लूट-सिम अपडेट: पिटीचं भूत उतरलं

लूट-सिम म्हणजे आमच्या ऑनलाइन गेममध्ये बॉस पाडल्यावर मिळणाऱ्या वस्तूंच्या, म्हणजे लुटीच्या, नशिबाचं मी लिहिलेलं सिम्युलेशन. गेल्या अपडेटमधला तो चढता आलेख आठवतोय? जितके किल (बॉस पाडणं) रिकामे जातात तितकी पुढच्या किलला ट्रिंकेट, म्हणजे आम्हाला हवी असलेली ती एक वस्तू, पडण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसत होतं आणि गिल्डच्या (एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटाच्या) चॅटवर जल्लोष झाला होता. "म्हणजे गेममध्ये छुपी पिटी आहे, फक्त टिकून राहायचं!" तर मंडळी, पिटी (सतत रिकामं गेल्यावर शक्यता वाढवणारी भरपाई) नाहीये. आलेख का चढत होता ते सापडलंय, आणि ते कारण पिटी नसण्यापेक्षाही जास्त जिव्हारी लागणारं आहे.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. शेवटच्या बॉसकडून प्रत्येकाला वैयक्तिक लूट, पडण्याची शक्यता २० टक्के. पडलीच तर आपल्या क्लासच्या (पात्रप्रकाराच्या) आठ वस्तूंपैकी एक, आणि त्या आठांत ते एक ट्रिंकेट, ज्याच्याशिवाय रॉग आणि हीलर दोघांचंही घोडं अडतं. म्हणजे दर किलला अडीच टक्के. लॉकआउट आठवड्याचा, म्हणजे रीसेट होईपर्यंत लूट एकदाच, सीझन साधारण २६ आठवड्यांचा. एकही रीसेट न चुकवता सगळे किल केले तरी सीझनअखेर ट्रिंकेट हातात असण्याची शक्यता ४८ टक्के. अर्ध्याहून जास्त लोक सीझन संपताना हात हलवत परत. आणि मग पुढचा पॅच येतो, आयलेव्हल (वस्तूंची ताकद) वर सरकते आणि ज्यासाठी जीव टाकला ते ट्रिंकेट भंगारात.

हे गणित आधीच झालेलं होतं. अडचण एवढीच की गिल्डची नोंदवही या गणिताशी जुळत नव्हती. आमच्या नोंदी बघितल्या तर ट्रिंकेट खूप जास्त लोकांना मिळालेलं दिसत होतं, आणि सातव्या-आठव्या किलनंतर मिळण्याचा वेग वाढत होता. सपाट अडीच टक्क्यांत वेग वाढायचं काही कारणच नाही. फाशाला आठवण नसते.

मग मी दोन प्रकारच्या पिटी सिममध्ये घातल्या. पहिली लॉस्ट आर्क गेममधल्या होनिंगसारखी (शस्त्र-चिलखत सुधारण्यासारखी), उघड पट्टीवाली: अपयश आलं की पट्टी थोडी भरते, पूर्ण भरली की पुढचा प्रयत्न शंभर टक्के यशस्वी. ही लगेच बाद झाली, कारण आमच्या गेममध्ये असा कुठला 'नक्की मिळणार' किल असता तर एव्हाना सगळ्यांना कळलं असतं. दुसरी छुपी, वॉवच्या (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या) लीजन विस्तारातल्या लेजंडरींच्या, म्हणजे अतिदुर्मीळ वस्तूंच्या, धर्तीवर. २०१६ मध्ये लोक तिथे हेच करत होते, आत काही दुर्दैव-भरपाई आहे का आणि किती, याचे अंदाज बांधत बसले होते. मी दर रिकाम्या किलला अर्धा टक्का वाढ धरली आणि सिम चालवला. पंधराव्या किलपर्यंत सिमची रेघ आणि आमच्या नोंदी जवळपास एकमेकींवर बसल्या! त्या रात्री झोप कुणाला येतेय.

पंधरानंतर मात्र सगळं फिसकटलं. अर्धा टक्का वाढ खरी असेल तर पंचविसाव्या किलला शंभरात दहा-अकरा जणच रिकामे राहायला हवेत. सपाट अडीच टक्क्यांत ५३ राहतात. आमच्या नोंदी पंधरानंतर पिटीची रेघ सोडून सपाट रेघेला समांतर धावायला लागल्या, जणू मध्येच कुणी पिटीचा खटका बंद केला. वाढ कमी करून पाहिली, उशिरा सुरू करून पाहिली, वरची मर्यादा लावून पाहिली. एक टोक जुळवावं तर दुसरं सुटायचं. आमचे रेडलीड (रेडचे, म्हणजे बॉसवरच्या सामूहिक चढाईचे, म्होरके) म्हणाले, "तुम्ही मॉडेल सोडा, आमचा हीलर बघा." त्याला अजून मिळालेलं नाही, आणि त्याने बहुधा एकही रीसेट चुकवलेला नाही. कुठलीही पिटी त्याच्याशी इतकी निर्दयपणे वागली नसती.

उत्तर मिळालं ते आलेखात नाही, तर शीटच्या डाव्या कडेला. ओळख-क्रमांकाचा स्तंभ मी नेहमी लपवून ठेवते. तो सहज उघडला तर १७ नंतर १९. २२ नंतर थेट २६. मधले लोक गेले कुठे?

गिल्ड सोडून. आम्ही वापरतो ते रोस्टर-टूल (सदस्ययादीचं टूल) निर्यात करताना फक्त आजच्या सदस्यांच्या ओळी देतं. कुणी गिल्ड सोडली की त्याचे सगळे रिकामे किलसुद्धा त्याच्याबरोबर गायब. टूलचं नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळलं असेलच. 'माजी सदस्य' असा साधा खूण-चौकोन ठेवायला काय जात होतं?

आता हे चढत्या आलेखाशी कसं जुळतं ते बघा, कारण मला हे उलगडायला कागदावर चौकोन काढावे लागले. दहाव्या किलला मिळण्याचा वेग म्हणजे दहाव्या किलला ज्यांना मिळालं, भागिले तोवर ज्यांना मिळालं नव्हतं ते सगळे. सोडून गेलेले लोक बहुतेक करून रिकाम्या हाताचेच होते, ते भागाकारात खाली असायला हवेत. ते पुसले गेले की खालची संख्या लहान होते आणि वेग फुगतो. सुरुवातीला हा फुगवटा कमी असतो, कारण खाली अजून भरपूर लोक असतात. जसजशी नशीबवान मंडळी ट्रिंकेट घेऊन यादीबाहेर पडतात, तसतसं खालच्या गर्दीत पुसलेल्यांचं प्रमाण वाढत जातं आणि फुगवटाही. आमच्याकडे गळती बरीचशी पंधराव्या-सोळाव्या किलच्या आसपास झाली. त्यानंतर पुसायला फारसं कुणी उरत नाही, म्हणून वेग पुन्हा खऱ्या पातळीवर येतो. खटका बंद झाल्यासारखं दिसत होतं ते हेच.

ज्यांना मिळालं नाही ते निघून गेले, आणि नोंदवही उरलेल्यांनी लिहिली.

आता त्या माणसांना परत आणायचं होतं, निदान शीटमध्ये तरी. कॉम्बॅट लॉगमध्ये, म्हणजे गेमने लिहिलेल्या लढाईच्या नोंदीत, रेडला हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव असतं, गिल्ड सोडली तरी. सुदैवाने रेडलीडनी सगळे लॉग जपून ठेवले होते. पण आपल्या गेमच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीला महिना, तारीख आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ असते, फक्त वर्ष नसतं! सीझन डिसेंबर ओलांडून गेलेला, त्यामुळे जानेवारीचे किल नोव्हेंबरच्या आधी येऊन बसले आणि एक माणूस ट्रिंकेट मिळाल्यानंतर सामील झाला. उपाय साधा निघाला: फाइल्स बदल-तारखेनुसार लावायच्या, आणि वाचताना महिना १२ वरून १ वर उतरला की वर्ष एकने वाढवायचं. चार ओळींचं काम, पण सगळे किल क्रमाने लागले तेव्हा झालेला आनंद बॉस पहिल्यांदा पडला त्याच्या तोडीचा होता.

दुसरी गोष्ट, आठवडे मोजणं बंद केलं. आडव्या अक्षावर आता प्रत्येकाचे स्वतःचे किल आहेत. कुणी सुट्टीवर गेला तर तो आठवडा त्याच्या खात्यात धरायचा नाही.

आणि सोडून गेलेल्यांचं काय करायचं? 'मिळालं नाही' म्हणून कायमचं नोंदवणं चूक, पुसणंही चूक. अशाच प्रश्नासाठी कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये एक पद्धत मांडली, वैद्यकीय अभ्यासांत ती रोज वापरली जाते. रुग्ण अभ्यासातून मध्येच बाहेर पडला तर तोपर्यंतचे त्याचे दिवस मोजायचे आणि तिथून पुढे त्याला भाजकातून काढायचं. आपल्याला हे तंतोतंत लागू पडतं. इथे एक शंका येते: लोक दुर्दैवाला कंटाळूनच सोडतात, मग ही गळती पक्षपाती नाही का? नाही, कारण त्या क्षणी ज्यांना मिळालेलं नाही ते सगळे सारख्याच रिकाम्या किलचे धनी असतात. जाणाऱ्याचं पुढचं नशीब थांबणाऱ्यापेक्षा वाईट असायचं काही कारण नाही.

पायथनमध्ये 'लाइफलाइन्स' नावाची लायब्ररी हे दोन ओळींत करते, डोळे झाकून घ्या. शीटमध्ये सिम चालवणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. कुठल्याही खान्यात एक अक्षर बदललं की सगळे यादृच्छिक आकडे पुन्हा फिरतात, आणि आत्ता बघितलेला आलेख पुन्हा दिसत नाही. शीट नोंदींसाठी ठेवा, फासे पायथनमध्ये टाका आणि सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ-आकडा) लिहून ठेवा.

निकाल: माजी सदस्य धरून काढलेली रेघ सपाट अडीच टक्क्यांच्या रेघेभोवतीच डुलते. आमचा नमुना लहान आहे, त्यामुळे रेघेभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा रुंद आहे, पण अर्धा टक्का वाढीची रेघ त्या पट्ट्याच्या साफ बाहेर जाते. गिल्डला कळवलं. हीलरचं उत्तर: "म्हणजे पुढच्या वेळीही अडीचच?" हो रे बाबा, अडीचच.

इथून पुढे खरं तर सिमला दिसायला बरा चेहरा द्यायचा बेत होता. तो बाजूला ठेवलाय, कारण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात शिरलं आणि लिहिणं थांबवून आधी तेच चालवून आले. प्रश्न असा: सरासरी तीच ठेवून फक्त शेपूट, म्हणजे खूप किल करूनही रिकामे राहणारे, कापली तर?

फायनल फँटसी १४ च्या सॅव्हेज रेडमध्ये पेटीतून काही पडो न पडो, बॉस पाडला की त्या आठवड्याचं एक पुस्तक मिळतं, आणि ठरावीक पुस्तकं जमली की हवी ती वस्तू विकत घेता येते. मी आपल्या ट्रिंकेटला हेच लावलं: दर किलला अडीच टक्के तसेच, शिवाय एक टोकन, २० टोकनांत ट्रिंकेट. सरासरी येते सुमारे १६ किल. आता टोकन न देता नुसता दर वाढवून सरासरी १६ वर आणायची तर दर ६.३ टक्के करावा लागतो, म्हणजे आजच्या अडीचपट. कागदावर दोन्ही योजना सारख्याच उदार. पण ६.३ टक्क्यांत २६ किलनंतरही शंभरातले १८ जण रिकाम्या हाताने राहतात. टोकनमध्ये एकही नाही, विसाव्या किलला विषय संपतो.

म्हणून 'ड्रॉप रेट वाढवा' ही मागणी मला आता अर्धवट वाटते. रेट वाढवला की नशीबवानांना आणखी लवकर मिळतं, आणि शेपटीत अडकलेले शेपटीतच राहतात, फक्त थोडे कमी. गिल्ड फुटते ती त्यांच्यामुळे. डायब्लो ३ मध्ये मार्च २०१४ ला लिलावघर बंद झालं आणि लूट २.० ने पडणाऱ्या वस्तू खेळणाऱ्याच्या क्लासकडे झुकवल्या, तिथे निदान रोख बरोबर जागी होता: पडतंय किती यापेक्षा माझ्या कामाचं किती. वॉवचा ग्रेट व्हॉल्ट आठवड्याला नऊपर्यंत पर्याय मांडून त्यातला एक निवडू देतो. तोही शेपूट छाटतो, पण पूर्ण कापत नाही, नऊच्या नऊ पर्याय कचरा निघू शकतात.

टोकनच्या विरोधात एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. विसाव्या किलला नक्की मिळणार हे कळलं की पेटी उघडताना छातीत होणारी धडधड थोडी मंदावते. आमचे रेडलीड याच पक्षाचे आहेत. त्यांचं म्हणणं, हमी असेल तर लोक टोकन मोजत हजेरी लावतात आणि विसावं मिळालं की दिसत नाहीत. पण सिममध्ये ३८ टक्के लोकांना हमीच्या आधीच, नशिबाने मिळतं. धडधड शिल्लक आहे की.

आता पुढचं काम. सिममध्ये प्रत्येक खेळाडूला 'सोडून जाण्याची शक्यता' देतेय, रिकाम्या किलनुसार वाढणारी. मग वीस जणांचा रेड २६ आठवडे चालवायचा आणि बघायचं की कुठल्या लूट-नियमात शेवटी रेड भरतो आणि कुठल्या नियमात पगमधून (अनोळखी खेळाडूंमधून) माणसं गोळा करावी लागतात. डीकेपी (कमावलेल्या गुणांवर लूट वाटणं) आणि लूट कौन्सिलही (वाटप ठरवणारी समिती) त्यात घालायचेत, पण त्यासाठी आपापसांत देता येणारी लूट लागेल, आणि आपल्याकडे वैयक्तिक लूट काही अटींवरच देता येते. त्या अटींचा कोड लिहायचा मला आत्तापासून कंटाळा आलाय. कुणी आधी लिहिला असेल तर द्या.

आणि नोंदी हव्यात, आमचा नमुना फार लहान आहे. खेळाडूंची नावं नकोत, नुसते क्रमांक चालतील. तीनच स्तंभ: क्रमांक, मिळेपर्यंतचे किल (मिळालं नसेल तर एकूण), मिळालं की नाही. रोस्टर-टूलमधून थेट काढलेली फाइल मात्र पाठवू नका. कॉम्बॅट लॉगमधून काढा, माजी सदस्यांसकट. वर्षाचा घोळ निस्तरणाऱ्या त्या चार ओळी मी सिमच्या फोल्डरमध्ये टाकल्यात.