खंबाटकीत लागलेली मॅच

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी पुण्याहून कोल्हापूरला निघायचं ही चूक आम्ही दरवर्षी करतो, आणि दरवर्षी खंबाटकीच्या पायथ्याला गाड्यांची रांग दिसली की ती चूक आठवते. यंदा दादाने इंजिनच बंद केलं. समोर एक ट्रक, त्याच्या मागे लिहिलेलं 'पाहतोस काय रागानं', पुढचं चिखलाने झाकलेलं. चिवडा शिरवळलाच संपलेला. मोबाईलला रेंज नाही. आणि मागच्या सीटवर भाचा, वय वर्षं दहा, त्याने एकदम विचारलं, आत्या, 'अव्हेंजर्स'मधला थॅनॉस आणि हॅरी पॉटरमधला व्होल्डेमॉर्ट यांची फाईट लागली तर कोण जिंकेल?

मी म्हटलं तात्या विंचू.

हे असं तोंडातून निघून गेलं, विचार करून नाही. पण एकदा निघाल्यावर मागे घेता येत नाही ना. भाच्याला तात्या विंचू माहीत होता, 'झपाटलेला' टीव्हीवर लागतोच कधी ना कधी, त्याला तो कॉमेडी वाटतो. मी सहा वर्षांची असताना, 1993 ला, तो आला तेव्हा मला तो अजिबात कॉमेडी वाटला नव्हता. माझ्याकडे एक बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की उघडायची. सिनेमा बघून आल्यावर त्या रात्री मी तिला अण्णांच्या मफलरमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली ती आजतागायत तिथेच असावी. रामदास पाध्यांनी बनवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज, या दोन सभ्य माणसांनी मिळून माझी अख्खी दुसरी इयत्ता घाबरवली.

तर व्हिलन लोकांची मॅच लागली. नियम दादाने केले, त्याला आवडतं नियम करायला. एकास एक. गँग आणायची नाही, अड्डा नाही, मोकळं मैदान, अंगावर आणि खिशात जे आहे तेवढंच. अण्णा पुढच्या सीटवरून म्हणाले मग काय, जरासंध, त्याचे दोन तुकडे केले तरी परत जोडला जायचा. वहिनी म्हणाली अण्णा तो नाही चालणार, काल्पनिक पाहिजे. अण्णांना हे एकदम पटलं आणि ते गप्प बसले, पण ते गप्प बसले म्हणजे विचार करतायत हे आम्हाला कळायला पाहिजे होतं.

या नियमात पहिल्या फटक्यात 'मिस्टर इंडिया'तला मोगॅम्बो गेला. वाईट वाटलं, अमरीश पुरींचा तो सोनेरी कोट आणि खुर्चीच्या हातावर टकटक करणारी बोटं लहानपणी फार भारी वाटायची. पण त्या खुर्चीतून उठवलं तर उरतं काय? शिवाय हा माणूस स्वतःच्याच सैनिकांना ॲसिडच्या हौदात उड्या मारायला सांगतो, का तर ते ऐकतात हे दाखवायला. दादा म्हणाला असले मॅनेजर आमच्याकडे पण आहेत. 'शान'मधला शाकाल तर अर्ज भरायच्या आधीच बाद, त्याचं सगळं बेटावर, फिरणारं टेबल काय, मगर काय, मैदानात नुसतं टक्कल.

थॅनॉसचं म्हणणं भाच्याने जोरात मांडलं. सहा रत्नं, हातमोजा, एक चुटकी, अर्धं जग खलास. आणि हातमोजा अंगावर असतो त्यामुळे नियमात बसतो. कोणालाच उत्तर सुचेना, आणि मग वहिनी, जी एरवी या विषयात पडत नाही, शांतपणे म्हणाली, अरे पण अर्धे ना? मैदानात दोघंच आहेत. दोनाचा अर्धा एक. आणि तो निवडून मारत नाही, कुणीही जातो, मग तो स्वतःही जाऊ शकतो की.

गाडीत शांतता. भाचा बराच वेळ बोटं मोजत होता, दोनच मोजायची होती तरी.

म्हणजे थॅनॉसची चुटकी या मॅचमध्ये नुसती छापा-काटा आहे. यावर दादाला गब्बर आठवला. तो इंजिनिअर आहे आणि त्याला 'शोले'तला तो कालियाचा सीन गणितासारखा पाठ आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं, सहा गोळ्या, समोर तीन माणसं. गब्बर तीन गोळ्या हवेत झाडतो, म्हणजे तीन सलग घरं रिकामी आणि तीन सलग भरलेली, मग चक्र फिरवतो. आता एकदाच फिरवलं असेल तर लागोपाठ तीन वेळा नुसतं खट्ट वाजून तिघंही वाचायचा चान्स किती? सहात एक! कारण चक्र बरोब्बर पहिल्या रिकाम्या घरावरच येऊन थांबायला पाहिजे. दादा म्हणाला अर्ध्याचा खेळ थॅनॉसच्या किती आधी, 1975 ला खेळून झालाय, आणि तोही कसल्या रत्नाबित्नांशिवाय.

पण माझ्या मते त्या सीनची खरी गंमत गणितात नाहीये. सहात एक असलेला चान्स लागतो, तिघं वाचतात, गब्बर हसतो, ते हसतात, सगळे डाकू हसतात, आणि मग तो तिघांना मारतो. म्हणजे नियम त्याचा, खेळ त्याचा, निकाल नशिबाने दिलेला, आणि तो निकालही तो मानत नाही. आता अशा माणसाला दादाचे नियम सांगणार कोण. द्वंद्वाला दोघांनी मिळून काहीतरी मान्य करायला लागतं, तू दहा पावलं चाल मी दहा पावलं चालतो, गब्बर तिसऱ्याच पावलाला वळून गोळी घालणार.

बरं, तो हरला तरी कुठे? ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी तुडवतो पण मारत नाही, पोलीस येतात. मुळात ठाकूरने मारायचंच होतं, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. दादाचं म्हणणं, टेक्निकली गब्बर अनबीटन आहे. सेन्सॉर बोर्डाने वाचवलेला दुसरा डाकू मला तरी माहीत नाही.

तोपर्यंत गाडी साधारण तीनशे मीटर सरकली.

आता माझा तात्या विंचू आणि वहिनीचा व्होल्डेमॉर्ट. ही खरी तुल्यबळ जोडी, आणि मी हे नुसतं अभिमानाने म्हणत नाहीये. दोघांचा धंदा एकच, आत्मा वस्तूत ठेवायचा. व्होल्डेमॉर्टने त्यासाठी खून केले, आत्म्याचे सात तुकडे करायला गेला आणि नकळत आठ करून बसला, डायरी, अंगठी, लॉकेट, कप असं एक एक ठिकाण, कोण शोधत फिरणार ते. तात्याने मरता मरता एक मंत्र म्हटला, ओम फट स्वाहा, अख्खा आत्मा एका फटक्यात बाहुल्यात, तुकडे नाहीत, काही नाही. खर्चाच्या मानाने बघितलं तर आपला मंत्र कधीही परवडतो.

वहिनी म्हणाली, पण अवाडा केडाव्रा, त्याचा तो मारायचा मंत्र? मी म्हटलं तो जिवंत माणसाला, हा लाकडाचा आहे का कशाचा आहे. भाचा म्हणाला तात्याला दोन भुवयांच्या मध्ये गोळी घातली की मरतो. मी म्हटलं बरोबर, पण ते व्होल्डेमॉर्टला कुठे माहितीये, आणि त्याच्याकडे बंदूक कुठेय, मगल्यांची, म्हणजे जादू न येणाऱ्यांची वस्तू तो हातात धरणार नाही. बरं, मग तात्या त्याला मारणार कसा? इथे मी अडकले, खरं सांगायचं तर. बाहुला चाकू घेऊन किती उंच उडी मारणार.

आणि मग भाच्याला जे सुचलं ते मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. तो म्हणाला, आत्या, व्होल्डेमॉर्टला भुवयाच नाहीत!

बरोबर आहे ना. सिनेमात त्याला नाक नाही हे सगळे बघतात, भुवयांकडे कोण बघतं. तात्याने जर मंत्र म्हणून आपला आत्मा बाहुल्यातून काढून व्होल्डेमॉर्टच्या अंगात टाकला, तर त्याला मारायची जी एकमेव जागा, दोन भुवयांच्या मध्ये, ती जागाच उरत नाही. अमर! मी तिथेच टाळी दिली. मग दादाने, दादा तो दादाच, आठवण करून दिली की बाहुल्यातून माणसात यायचं तर ज्याला सगळ्यात आधी आपली ओळख सांगितली त्याच्याच शरीरात जाता येतं, आणि तो मान लक्ष्याचा. झालं. एवढी सुंदर योजना एका अटीवर पडली.

या सगळ्यात अण्णा बोललेच नव्हते. आता घाटाचं पहिलं वळण आलं, गाड्या सुटायला लागल्या, आणि अण्णा म्हणाले, हिंदूराव धोंडे पाटील.

'सामना' मधला. निळू फुले. अण्णांचा जन्म करवीर तालुक्यातला, नोकरीची पहिली वर्षं कारखान्याच्या पट्ट्यात काढलेली, त्यांना मगर आणि रत्नांची भीती कधी वाटली नाही, त्यांनी भ्यायचं ते धोतर-टोपीवाल्या, मऊ बोलणाऱ्या माणसाला. (खरे निळूभाऊ सेवादलातले, तरुणपणी पुण्यात माळीकाम केलेले, तरी गावोगावच्या बायका त्यांना शिव्या घालायच्या, हे वहिनीला ऐकून खरंच वाटेना.) अण्णांचं म्हणणं असं की हिंदूराव मैदानात येणारच नाही. तो गब्बरला जेवायला बोलावणार. तांबडा-पांढरा. मग म्हणणार, अहो एवढी घोडी आहेत तुमच्याकडं, ऊस वाहतुकीचं कंत्राट घ्या की. सांबाला कारखान्यात स्लिपबॉय म्हणून चिकटवणार. ते पन्नास हजाराचं बक्षीस हाय न्हवं डोक्यावर, तेवढं पतसंस्थेतनं कर्ज देणार. दोन वर्षांत गब्बर व्हाईस चेअरमन, सत्कारात फेटा बांधून बसलेला, आणि भाषण संपंस्तवर तंबाखू थुकायला बी उठता येईना. मेला का न्हाई मग?

दादाचे सगळे नियम पाळून. गोळी नाही, गँग नाही, एकास एक, ताटावर बसून.

मग हिंदूरावाला कोण हरवणार, भाच्याने विचारलं. अण्णा म्हणाले त्याला हरवणारा व्हिलन न्हाई, म्हणून आपल्या मॅचमध्ये बसत न्हाई. एक दारुडा म्हातारा मास्तर. श्रीराम लागू. हातात हत्यार सुद्धा नाही. तो नुसता विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं, मारुती कांबळेचं काय झालं, आणि एवढा मोठा पाटील, त्याला घाम फुटतो.

घाट उतरला. वाऱ्याने गाडीत गार झालं, दादाने चौथा गिअर टाकला, अण्णांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं विषय संपला. सुरूरच्या पुढे कुठेतरी मागून आवाज आला, "अण्णा, पण मारुती कांबळेचं झालं काय मग?"

अण्णा डोळे मिटूनच इतके हसले की दादाला गाडी जरा कडेला घ्यावी लागली.