खाणीसाठी उठवलेलं गाव : हिबिंग, मिनेसोटा

अमेरिकेतलं मिनेसोटा म्हणजे तळ्यांचं राज्य. ‘दहा हजार तळी’ असं गाड्यांच्या नंबरप्लेटवरच छापलेलं, आणि ती खरोखरच दहा हजारांहून जास्त आहेत. हिमयुगाच्या शेवटी हिमनद्या वितळल्या, मागे खड्डे राहिले, त्यांत पाणी साचलं. मला मात्र माणसांनी केलेला खड्डा बघायचा होता. म्हणून डुलुथ शहरातून गाडी काढून मेसाबी या लोहखनिजाच्या पट्ट्यातलं हिबिंग गाठलं.

हल-रस्ट-महोनिंग ही लोखंडाची उघडी खाण जवळजवळ पाच किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद. तांबड्या-करड्या पायऱ्यांवरून खाली उतरणारे डंपर काठावरून खेळण्यातले वाटतात. एकाचं जुनं टायर वर मांडून ठेवलंय. त्याच्याशेजारी उभं राहिल्यावर मी ठेंगणा!

गंमत पुढेच आहे. जुनं हिबिंग नेमकं खनिजावर वसलेलं. मग 1919 पासून गावच उचललं! घरं ओंडक्यांवर चढवून दक्षिणेला ओढत नेली. सेलर्स हॉटेल तेवढं वाटेतच घसरून कोसळलं. जुन्या जागी आता रस्ते, पदपथाच्या कडा आणि कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या उरल्यात. पण गावकरीही काही कमी नव्हते. खाणींवरच्या कराच्या पैशातून त्यांनी 1920च्या दशकात सुमारे 40 लाख डॉलरची शाळा बांधली. तिच्या सभागृहात स्फटिकाची झुंबरं आहेत. सरकारी शाळेत झुंबरं! खाणकामगारांची ने-आण करायला 1914 मध्ये इथेच सुरू झालेल्या बससेवेतून पुढे ग्रेहाउंड ही लांब पल्ल्याची बस कंपनी उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कसदार खनिज संपत आलं. उरला टॅकोनाइट, म्हणजे कमी लोखंडाचा कठीण दगड. मिनेसोटा विद्यापीठाच्या एडवर्ड डेव्हिस यांनी अनेक वर्षं खपून त्यावर तोड काढली: दगडाचं पीठ करायचं, चुंबकानं लोखंड वेगळं काढायचं, गोळ्या वळून भाजायच्या. त्या रेल्वेनं सुपीरियर सरोवराच्या बंदरांत आणि तिथून जहाजानं पोलाद कारखान्यांकडे जातात. राज्याचा पैसा आज मुख्यतः मिनियापोलिसकडच्या कंपन्या, दवाखाने आणि शेतीतून येतो. इथे उत्तरेत मात्र पोलादाची मागणी घटली की लगेच कामगारांना घरी बसवतात.

जायचं तर उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात खाणीचं दर्शनस्थळ बंद असतं. आणि बेकरीत पोटित्सा मागा. स्लोव्हेनियन खाणकामगारांनी आणलेली ही अक्रोडाची गुंडाळी पातळ कापूनच देतात, तेव्हा दोन घ्या.