केटूला कंठ फुटला

फोंड्यात आज दिवसभर झड. दोनदा लाईट गेली, तरी बसलोच.

केटू म्हणजे एलेक्राफ्ट कंपनीचा, किट आणून स्वतः जोडायचा हॅम रेडिओ. मूळ किटमध्ये फक्त मोर्स होतं. बोलायचं तर एसएसबीचं (आवाज पाठवायच्या पद्धतीचं) बोर्ड वेगळं घ्यावं लागायचं. जादा बोर्डांपैकी माझा जीव आधी ट्यूनरवर (अँटेना रेडिओशी जुळवून देणाऱ्या बोर्डावर) होता, पण माडाला बांधलेला ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, नीट मापात कापलेला. त्याला ट्यूनर कशाला? आतल्या बॅटरीचाही मोह झाला (आमची लाईट बघता!), पण ती बसवली की १०० वॉटच्या ॲम्प्लिफायरला त्याच डब्यात जागा नाही.

शेवटी एसएसबीच. क्रिस्टल फिल्टरचं सोल्डरिंग सकाळीच निभावलं. फसलो ते माइकमध्ये. सॉकेट आठ पिनांचं, पण प्रत्येक कंपनीच्या पिनांची मांडणी निराळी, म्हणून आतल्या हेडरवर (पिनांच्या पट्टीवर) आपल्या माइकप्रमाणे आपणच तारा जोडायच्या. मी तक्ता वाचला तो नेमका भलत्या माइकचा! तासभर ओरडतोय, पॉवर मीटर ढिम्म. आई आतून म्हणाली, "कोणाशी भांडतोस रे?"

दोन तारा बदलल्या. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर कोल्हापूरहून उत्तर आलं, "आवाज थोडा जाड आहे." असू दे, सर्दीच झालीय मला.