स्विंडनच्या शाळेतली खुर्ची

इथे इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये मुलीच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळावर, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीवर, मी पालकांच्या मतांनी निवडून आले. काम बिनपगारी, मुदत चार वर्षांची. मुख्याध्यापक नेमायचा अधिकार मंडळाला आहे, पण रोजच्या कारभारात लुडबूड करायची नाही.

सभेच्या सुरुवातीलाच विचारतात, आजच्या विषयांत कुणाचे हितसंबंध आहेत का? छताच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा एका गव्हर्नरने सांगितलं, कोटेशन देणाऱ्यांत माझा मेहुणा आहे. ते उठून बाहेर जाऊन बसले. निर्णय झाल्यावर क्लार्कने त्यांना आत बोलावलं आणि ते कधी गेले, कधी परतले हे इतिवृत्तात लिहिलं. कुणाला त्यात अपमान वाटला नाही. मला हे फार आवडलं.

त्याहून आवडलं ते अध्यक्षबाईंचं वागणं. पद सोडायच्या वर्षभर आधीपासून त्या उपाध्यक्षांना अंदाजपत्रकाच्या चर्चेला, मुख्याध्यापकांबरोबरच्या बैठकांना सोबत नेत होत्या. पायउतार झाल्या आणि पुढच्या सभेला साध्या सदस्य म्हणून हजर राहिल्या.

आपल्याकडे गोव्यात, बाबा जिथे शिकवायचे त्या फोंडा तालुक्यातल्या संस्थेत, अध्यक्ष आजारी पडले आणि सहीवाचून बिलं अडकली. ज्यांनी पदरमोड करून गावात शाळा काढली, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. म्हणूनच त्यांच्यामागे कारभार कोण बघणार हे त्यांच्या हयातीत ठरायला हवं. तरुण माजी विद्यार्थी देणगीपुरतेच आठवतात, समितीत घ्यायचं म्हटलं की 'अजून लहान आहेत'. चाळिशीतली माणसं लहान कशी?

आणि हे सगळं काही विलायतेतूनच शिकायला नको. आपल्या गोव्यातल्या देवळांत १९३३ च्या देवस्थान कायद्याखाली महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत सभासद, दर तीन वर्षांनी अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार निवडतात. तंटे होतात, मामलेदारांपर्यंत जातात, तरी निवडणूक होते. देवळात जे चालतं ते शाळेत, वाचनालयात का चालू नये?

संस्थेच्या वार्षिक सभेसाठी मी दादाकडे दोन ठराव लिहून पाठवलेत. सलग दोन मुदती झाल्या की पदाधिकाऱ्याने एक मुदत बाहेर राहावं, आणि प्रत्येक सभेच्या सुरुवातीला हितसंबंधांची नोंद व्हावी. दादा आजीव सभासद आहे, अनुमोदकही मिळालाय. तुम्ही कुठल्या संस्थेचे सभासद असाल तर घटनादुरुस्तीला किती मतं लागतात आणि नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते, तेवढं आताच बघून ठेवा.