चहागम चहेआ

दुपारी जेवणं आटोपल्यावर ओटा पुसता पुसता मी मोठ्याने म्हणत होते, "एन क्वांतो मे लो देहा?" म्हणजे, शेवटचं कितीला देणार ते सांगा. मोबाइलमधली स्पॅनिश शिकवणारी बाई म्हणाली, "मुय बिएन." म्हणजे, फार छान. तिचं काय जातंय? तिला काही विकायचं नाहीये.

भाची मेक्सिकोत वाहाकाला असते. दिवाळीनंतर पुन्हा तिच्याकडे जायचंय. तिथून जवळच त्लाकोलुला नावाच्या गावी रविवारचा बाजार भरतो. रस्तेच्या रस्ते ताडपत्र्यांखाली जातात. भरतकामाचे ॲप्रन घातलेल्या, वेण्यांत रिबिनी गुंफलेल्या बायका टोमॅटो-मिरच्यांचे वाटे लावून बसतात, अगदी आपल्या आठवडी बाजारासारख्या. वाट्याचा भाव सहसा हलत नाही. त्यावर चार मिरच्या जास्तीच्या मागायच्या, त्याला तिकडे पिलोन म्हणतात. सकाळी पहिलं गिऱ्हाईक झालं की हातात आलेल्या नोटेनेच स्वतःवर क्रूस काढणाऱ्याही दिसतात. भवानी ती भवानीच. भाजलेले नाकतोडे मात्र आधी चवीला पुढे करतात, म्हणून त्यांचा भाव मी विचारतच नाही.

वाक्यं पाठ होतात हो. पंचाईत उत्तराची होते. सेसेंता म्हणजे साठ आणि सेतेंता म्हणजे सत्तर, आणि बाजाराच्या कलकलाटात दोन्ही सारखेच ऐकू येतात. मग बाई कंटाळून कॅल्क्युलेटर पुढे करते.

खरं सांगायचं तर मराठीत मला घासाघीस जमतच नाही. तुळशीबागेत समोरच्याने "तीनशे" म्हटलं की माझा हात पर्सकडे जातो. कमी करा म्हणायचं तर कानशिलं तापतात, उगाच कुणी ओळखीचं ऐकेल असं वाटतं. स्पॅनिशमध्ये मी चक्क निर्लज्ज होते. "एस्ता मुय कारो", फार महाग आहे, म्हणून नाकही मुरडते. बोलणारी ती मी नव्हेच.

आमच्या घरात हे अंग फक्त आईला होतं. कासाराकडे बांगड्या भरायला ती आणि मावशी जोडीने जायच्या. कासार आईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बोटं गोळा करायचा आणि हिरवी काच कधी मनगटावर गेली ते कळायचंही नाही. चार-पाच चढल्या की मग भावाचा विषय काढायचा. काय कसब! अर्धा हात भरलेली बाई उठून जाणार कुठे? तर एकदा आई मावशीकडे न बघताच पुटपुटली, "चहागम चहेआ." आमच्या समजुतीने च-ची भाषा जगात फक्त बायकांना आणि पोरांना येते. कासाराने मान वर केली नाही. पुढची बांगडी चढवत शांतपणे म्हणाला, "चहीना हो, वहिनी."

मी तोंडात फ्रॉकचं टोक कोंबलं. आईने त्या दिवशी सांगितला तो भाव दिला.

त्लाकोलुलातल्या बायका आपसात झापोतेक बोलतात. आपण भाव विचारला की दोघी शेजारणी त्यांच्या भाषेत काहीतरी ठरवतात, खुदकन हसतात, मग स्पॅनिशमध्ये आकडा येतो. तिथे मला कासार होता येत नाही. त्या काय म्हणत असतील याचा अंदाज मात्र आहे.

पण त्याच वाटेवर तेओतित्लान देल वाये आहे, विणकरांचं गाव. तिथे लोकरीचे गालिचे घरातल्याच मागांवर विणतात. एका विणकराने निवडुंगावरचे वाळलेले कोचिनियाचे किडे तळहातावर चुरडून दाखवले. हात गर्द लाल झाला. त्यावर लिंबू पिळलं तर क्षणात केशरी. मग त्याने घडी घातलेला एक गालिचा उलगडला आणि हा विणायला महिना गेला म्हणाला. किंमत सांगितली. मी नुसती काठाची वीण बघत होते, मनात रुपयांचा हिशेब चाललेला. माझ्या गप्प बसण्याचा त्याने काय अर्थ लावला कुणास ठाऊक, त्याने आपणहूनच दोनशे पेसो कमी केले. थोडं थांबून आणखी शंभर.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.