एक कोपरा उघडा

आमच्या धंद्यात फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘कबुतरांनी वैताग आणलाय हो.’ परळच्या काकूंनी मात्र विचारलं, ‘जाळी लावताना पाखरांना काही होत नाही ना?’ हे काम एका दिवसात आटपायचं नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

अकरा वर्षं झाली मला जाळ्या लावायला लागून. बाल्कन्या, खिडक्या, डक्ट. त्यातलं डक्ट म्हणजे खरी परीक्षा. चार बाजूंनी भिंती, मधे पाइप, एसीचे आउटडोअर आणि खाली अंधार. आमच्या गावाकडे याच पाखराला पारवा म्हणतात. तो जुन्या विहिरीच्या कोनाड्यात राहतो, नाहीतर गडाच्या कड्यात. मुंबईत आला आणि त्याला बावीस मजली विहिरी मिळाल्या. त्यात त्याची चूक काय म्हणा.

परळचं घर नवव्या मजल्यावर होतं. चाळ पाडून उभा केलेला टॉवर, दोन खोल्यांचा फ्लॅट, मोरीची आणि स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडणारी. हॉलमध्ये काका खुर्चीत बसलेले, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुर्रघुर्र करतंय. छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, ‘घरात कबुतरं आहेत का?’ विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाते, एखाद्याच्या फुप्फुसाला ती सोसत नाही, आधी सूज येते आणि मग फुप्फुस कडक होत जातं. गोळ्या चालू होत्या, पण कबुतरं आधी बंद करा, नाहीतर गोळ्यांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हे मला नवीन नव्हतं. सुरुवातीची दोन वर्षं मीही नुसता रुमाल बांधून कोरडा झाडू मारत होतो. संध्याकाळी ताप, अंगदुखी, खोकला, आणि सुट्टीच्या दिवशी सगळं गायब. आता एन-95 मास्क घातल्याशिवाय मी खिडकी उघडत नाही, भाच्यालाही उघडू देत नाही. घाण आधी फवाऱ्याने पूर्ण भिजवायची, मग पुट्टीच्या पट्टीने खरवडायची आणि ओली असतानाच पोत्यात भरायची. कोरडी झाडलीत की ती तुमच्या छातीत गेली.

मोरीच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलो. सेफ्टी बेल्टचा हुक भाच्याने आत धरला होता. आउटडोअरच्या मागे सिमेंटचा छज्जा, त्यावर वीतभर थर. दोन पोती निघतील असा अंदाज केला, निघाली साडेतीन. आणि कोपऱ्यात घरटं. घरटं म्हणजे काय, चार खराट्याच्या काड्या, तारेचा तुकडा आणि निळ्या जाळीचा दोरा. तो दोरा बहुतेक आमच्याच कुणा भाऊबंदाने लावलेल्या जाळीचा. त्यात दोन पिल्लं. कबुतराचं पिल्लू फारसं कुणी पाहिलेलं नसतं, कारण ते महिनाभर घरट्यातून हलत नाही आणि बाहेर येतं ते जवळजवळ आईबापाएवढं होऊनच. ही दोघं दोन आठवड्यांची असावीत. अंगावर पिवळे केस, त्यातून काट्यांसारखी उगवणारी पिसं, चोच तोंडाला न शोभणारी. काकूंनी मोबाइलवर फोटो बघितला आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, किती कुरूप! यांना हलवायचं नाही हं.’

पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. छज्ज्याच्या कडेला, घाणीच्या वरच्या थरावर, बाजरीचे दाणे पडले होते. ताजे. नवव्या मजल्यावरच्या डक्टमध्ये बाजरी आपोआप येत नाही.

काकू चहा टाकायला गेल्या तेव्हा मी काकांकडे बघितलं. ते खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळले. म्हणाले, ‘तीस वर्षं दादरच्या कबुतरखान्यावर दाणे टाकले. ऑगस्टमध्ये पालिकेने तो बंद केला, त्यावर ताडपत्री पडली. म्हटलं, आता यांनी जायचं कुठे?’ ही 2025 ची गोष्ट, आणि आम्ही बोलत होतो तो त्यानंतरचा हिवाळा. मग हळूच, ‘हिला बोलू नका.’

मी कसला बोलतोय. पण एवढं सांगितलं, ‘काका, मी जाळी लावीन. तुमच्या हाताला कशी लावू?’

आमच्यातले काही जण पिल्लांसकट साफ करतात. मी नाही करत. दयेचा भाग आहेच, पण धंद्याचाही आहे. पिल्लं आत आणि आईबाप बाहेर राहिले की ते दिवसभर जाळीवर आपटतात, धागे ओढतात, कुठेतरी फट काढतात. पिल्लं आत मेली तर वासाची तक्रार आठ दिवसांत माझ्याच फोनवर येते. उचलून लांब सोडायचं म्हणाल, तर पिल्लांना तिथे भरवणार कोण? मोठं लांब सोडूनही उपयोग नाही. एकदा भाच्याने एक कबूतर खोक्यात घालून कल्याणला नेऊन सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच इमारतीत पोचायच्या आधी ते छज्ज्यावर हजर. पायात तीच मोडकी नखं.

म्हणून मधला मार्ग काढला. भोक पाडून गिट्ट्या ठोकल्या, फुटाफुटावर हुक, दोर ओवला, जाळी ताणून तीन बाजू बांधून टाकल्या आणि चौथीचा एक कोपरा हातभर उघडा ठेवला. मोरीची खिडकी प्लास्टिक लावून चिकटपट्टीने बंद केली. काकांना तीन आठवडे लेकीकडे बदलापूरला पाठवा म्हटलं. वीस दिवसांनी येऊन कोपरा शिवतो.

काकू मला रोज फोटो पाठवायच्या. पिसं आली. पंख हलवले. पाइपवर बसलं. मी दुसऱ्या कामांवर असायचो, पण भाचा चहाच्या सुट्टीत विचारायचा, ‘मामा, परळचे आले का फोटो?’

विसाव्या दिवशी गेलो. दोन्ही पिल्लं समोरच्या पाइपवर, अगदी मोठी दिसणारी, फक्त मानेवर दोन-चार पिवळे केस उरलेले. मी सुई-दोरा काढला. काकू मागून म्हणाल्या, ‘जरा कुंडीत बघाल?’ छज्ज्याच्या दुसऱ्या टोकाला एक रिकामी कुंडी. तीत कबूतर बसलेलं. खाली दोन पांढरी अंडी.

हे असंच असतं. एक जोडी उडायच्या आत दुसरी घातलेली असते, त्यामुळे मोकळा असा दिवस कधी उगवतच नाही. काकू म्हणाल्या, ‘आई बसलीय बिचारी.’ मी म्हटलं, ‘काकू, दुपारचे बारा वाजलेत. हा बाप आहे. ती संध्याकाळी येते, रात्रपाळीला.’ त्या हसल्या नाहीत.

‘अंडी कधीची?’

‘पहिलं परवा. दुसरं आज सकाळी दिसलं.’

‘मग आत्ताच. अजून अठरा दिवस थांबलो तर पिल्लं, मग पुन्हा महिना, आणि तोवर तिसरी अंडी. काका रविवारी येणार ना?’

काकू काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. भांड्यांचा आवाज येत राहिला. मी पाखराला काठीने उठवलं, अंडी उचलली. ऊबदार होती. कोपरा शिवायला दहा मिनिटं लागतात, मला त्या दिवशी अर्धा तास लागला.

शिवता शिवता परत दिसले. दाणे. बाजरीचेच, छज्ज्यावर, मी तीन आठवड्यांपूर्वी खरवडून धुतलेल्या जागी. काका तर बदलापूरला.

पैसे देताना काकूंनी एक पिशवी पुढे केली. पाच-सहा किलो असेल. ‘घेऊन जा,’ म्हणाल्या. ‘घरात राहिली तर पुन्हा हात जाईल. ह्यांना बोलू नका हं.’

‘नाही बोलत.’

डोंबिवलीला उतरेपर्यंत पिशवी मांडीवर होती. बायकोने ती निवडली, दोन दिवस गच्चीत वाळवली आणि दळून आणली. भाकऱ्या चांगल्या झाल्या.